घटक ४ : पेटंट नियम, जैविक संसाधने आणि पारंपरिक ज्ञान

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

१. पेटंट म्हणजे काय व ते मिळण्यासाठी कोणत्या कसोट्या लावल्या जातात, हे सांगता येईल.
२. ट्रिप्स करार आणि जैवविविधता करार यांच्या भूमिकांमधील फरक स्पष्ट करता येईल.
३. हळद, कडुनिंब व बासमती या प्रकरणांचे विश्लेषण करता येईल.
४. बचावात्मक संरक्षण आणि लाभवाटप यांतील भेद उदाहरणांसह मांडता येईल.
५. भारतीय कायद्यांतील संबंधित तरतुदींचे व आपल्या गावातील जैवविविधता नोंदवहीचे महत्त्व विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विळीवर भाजी चिरताना बोट कापले, तर घरातील वडीलधारी व्यक्ती काय करते, हे आपणांस सांगावयास नको. डब्यातील चिमूटभर हळद जखमेवर दाबली जाते आणि काम पुढे सुरू होते. हे ज्ञान कोणी, केव्हा शोधले, याची नोंद कोठेही नाही. ते आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे आले. ज्याला आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो, त्या बटव्यात अशा शेकडो गोष्टी आहेत. त्या कोणाच्या मालकीच्या आहेत, असा प्रश्न आपल्या पूर्वजांना कधी पडला नाही. कारण तो पडण्याचे कारणच नव्हते.

मार्च १९९५ मध्ये हा प्रश्न अचानक उभा राहिला. जखम बरी करण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने एका विद्यापीठीय वैद्यकीय केंद्राला पेटंट बहाल केले. जे घरोघरी सर्वांना ठाऊक होते, ते एका कार्यालयाच्या दृष्टीने ‘नवीन’ ठरले. असे कसे घडले, ते दुरुस्त कसे झाले आणि दुरुस्ती झाल्यावरही कोणते प्रश्न शिल्लक राहिले, यांचा अभ्यास आपण या घटकात करणार आहोत.

हा विषय केवळ वकिलांचा आणि शास्त्रज्ञांचा नाही. ज्ञानाची मालकी कोणी ठरवावी, लिहिलेल्या शब्दाला बोललेल्या शब्दापेक्षा अधिक मान का मिळतो आणि ज्यांनी एखादी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांच्या वाट्याला काय येते, हे या विषयाचे मूळ प्रश्न आहेत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पेटंट : संकल्पना व कसोट्या

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा शासनाने संशोधकाला ठरावीक मुदतीसाठी दिलेला अधिकार होय. या मुदतीत त्याच्या संमतीवाचून इतरांना ते संशोधन व्यापारी कारणासाठी वापरता, बनविता वा विकता येत नाही. सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही मुदत अर्ज दाखल केल्यापासून किमान वीस वर्षे असते. त्याच्या मोबदल्यात संशोधकाने आपले संशोधन संपूर्णपणे उघड करावे लागते. मुदत संपली की ते सर्वांचे होते. याचा अर्थ, पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातील एक प्रकारचा सौदा आहे.

हा सौदा न्याय्य ठरावा म्हणून तीन कसोट्या लावल्या जातात :

(अ) नवीनता : ती गोष्ट पूर्वी कोणालाही ज्ञात नसावी. पूर्वीपासून ज्ञात असलेल्या सर्व माहितीला ‘पूर्वज्ञान’ असे म्हणतात.
(आ) कल्पकता : त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचेल अशी ती गोष्ट नसावी.
(इ) औद्योगिक उपयोज्यता : तिचा प्रत्यक्ष उत्पादनात वा व्यवहारात उपयोग करता यावा.

येथे दोन गोष्टी आपण विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट अशी की, पेटंट प्रादेशिक असते. अमेरिकेत दिलेले पेटंट अमेरिकेच्याच हद्दीत लागू होते. त्यामुळे ‘हळदीचे पेटंट झाले, आता आपल्याला हळद लावता येणार नाही’ अशी जी भीती त्या काळी व्यक्त झाली, ती कायद्याच्या दृष्टीने बरोबर नव्हती. धोका होता तो त्या देशातील बाजारपेठेत आणि चुकीचा पायंडा पडण्यात. दुसरी गोष्ट अशी की, ‘नवीन’ कशाला म्हणावयाचे हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवितो. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात परदेशातील एखादी गोष्ट पूर्वज्ञान ठरण्यासाठी ती तेथे पेटंटित असणे अथवा छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेली असणे आवश्यक होते. परदेशातील केवळ प्रत्यक्ष वापर वा मौखिक परंपरा पुरेशी मानली जात नव्हती. कोट्यवधी माणसे रोज करतात ती गोष्ट कागदावर नसेल, तर ती अस्तित्वातच नाही, असा या नियमाचा व्यावहारिक अर्थ झाला. हा नियम २०११ च्या अमेरिकन कायद्याने बदलला आणि तो बदल २०१३ पासून लागू झाला.

४.२.२ दोन करार, दोन दृष्टी

पेटंट व जैविक संसाधने यांबाबत आज मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय करार विचारात घ्यावे लागतात.

पहिला करार म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार. बौद्धिक संपदा हक्कांच्या व्यापारविषयक बाजूंसंबंधीचा हा करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम २७ नुसार सदस्य देशांनी तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांत पेटंट उपलब्ध करून द्यावयाचे आहे. याच कलमाच्या उपकलम ३(ब) मध्ये वनस्पती व प्राणी यांना पेटंटमधून वगळण्याची मुभा आहे. सूक्ष्मजीवांना मात्र वगळता येत नाही. वनस्पतींच्या वाणांना पेटंटने अथवा स्वतंत्र स्वरूपाच्या प्रभावी कायद्याने संरक्षण द्यावेच लागते. पारंपरिक ज्ञानाचा उल्लेख या करारात नाही. पेटंटसाठी वापरलेली वनस्पती कोणत्या देशातून आणली, हे सांगण्याचे बंधनही त्यात नाही.

दुसरा करार म्हणजे जैवविविधता करार. रिओ द जानेरो येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आला. त्यापूर्वी जनुकीय संसाधने हा ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ मानला जात असे. ऐकावयास ही कल्पना उदात्त वाटते. परंतु तिचा परिणाम असा होई की, विकसनशील देशांतील बियाणे व वनस्पती सर्वांसाठी खुल्या असत आणि त्यांपासून प्रयोगशाळेत तयार झालेले उत्पादन मात्र एकाच्या मालकीचे होई. जैवविविधता कराराने प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संसाधनांवरील सार्वभौम अधिकार मान्य केला. संसाधन घेण्यापूर्वी त्या देशाची पूर्वमाहितीवर आधारलेली संमती घ्यावी (कलम १५), स्थानिक व आदिवासी समाजांच्या ज्ञानाचा आदर करावा आणि लाभाच्या न्याय्य वाटपास उत्तेजन द्यावे (कलम ८-ञ), ही त्याची तत्त्वे आहेत. यांना अधिक बळकटी देणारा नागोया पूरक करार २०१० मध्ये स्वीकारण्यात आला व २०१४ मध्ये अमलात आला.

या दोन करारांचे बळ समान नाही. ट्रिप्सचा भंग झाल्यास जागतिक व्यापार संघटनेच्या तंटानिवारण यंत्रणेकडे जाता येते व व्यापारी निर्बंधही लादता येतात. जैवविविधता कराराच्या मागे अशी ताकद नाही. शिवाय अमेरिकेने त्यावर स्वाक्षरी केली असली, तरी त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. म्हणूनच भारत, ब्राझील आदी विकसनशील देशांनी संसाधनाच्या उगमस्थानाचा उल्लेख पेटंट अर्जात सक्तीचा करावा, अशी मागणी ट्रिप्सच्या व्यासपीठावर सातत्याने केली. २००१ च्या दोहा घोषणापत्रात या दोन करारांच्या संबंधाचा विचार करण्याचे ठरले. परंतु ट्रिप्समध्ये तशी दुरुस्ती अद्याप झालेली नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. पेटंटच्या तीन कसोट्या कोणत्या ?
२. ‘पूर्वज्ञान’ म्हणजे काय ?
३. जैवविविधता करारापूर्वी जनुकीय संसाधनांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जाई ?

४.२.३ हळदीचे प्रकरण

हळदीच्या पेटंटचे दावे जखमेवर हळदीची पूड लावणे व ती पोटात देणे या पद्धतींविषयी होते. अर्जदार संशोधक भारतीय वंशाचे होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. पारंपरिक ज्ञानाच्या अपहरणाकडे केवळ ‘परके विरुद्ध आपण’ अशा दृष्टीने पाहिल्यास मूळ दोष नजरेआड होतो. दोष व्यवस्थेत होता : परीक्षकासमोर जी साधने होती, त्यांत आपल्या घरातील ज्ञान नव्हतेच.

या पेटंटला आव्हान दिले ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने. मूळचे गोव्यातील माशेलचे असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. आता कसोटी होती ती पुराव्याची. ‘आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे’ हे विधान उपयोगाचे नव्हते. छापील आधार हवा होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू इत्यादी भाषांतील ३२ संदर्भ गोळा केले. त्यांपैकी काही शंभर वर्षांहून जुने होते. ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लेखही त्यांत होता. या आधारांवर अमेरिकन कार्यालयाने १९९७ मध्ये दावे फेटाळले आणि १९९८ मध्ये पेटंट रद्द झाल्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. विकसनशील देशातील पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकन पेटंट रद्द होण्याची ही पहिलीच घटना मानली जाते. पुढे ही लढाई ‘हळदीघाटीची लढाई’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या विजयातून आपण दोन निष्कर्ष काढू शकतो. एक, व्यवस्थेत चूक दुरुस्त करण्याची सोय होती व ती उपयोगी पडली. दोन, ती दुरुस्ती करून घेण्याचा भार ज्याचे ज्ञान गेले त्याच्यावरच पडला. भारतासारख्या देशाकडे वैज्ञानिक संस्था, ग्रंथालये आणि लेखनाची प्रदीर्घ परंपरा होती. ज्या समाजाचे सारे ज्ञान गाण्यांत, कथांत आणि हाताच्या सवयींत आहे, त्याने ३२ छापील संदर्भ कोठून आणावेत ?

४.२.४ कडुनिंब आणि बासमती

कडुनिंबाचे प्रकरण युरोपात घडले. निंबोळीच्या तेलाच्या साहाय्याने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना संयुक्तपणे पेटंट दिले. १९९५ मध्ये त्यास तिघांनी मिळून विरोध केला : वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ.

युरोपातील नियम अमेरिकेपेक्षा वेगळा होता. जगात कोठेही झालेला सार्वजनिक वापर तेथे पूर्वज्ञान ठरू शकत होता. मात्र तो निश्चितपणे सिद्ध करावा लागे. येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. पुणे व सांगली या जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात शेतांवर झालेल्या चाचण्यांविषयी महाराष्ट्रातील एका उद्योजकाची साक्ष विरोधकांनी सादर केली. मे २००० मध्ये पेटंट रद्द करण्यात आले. पेटंटधारकांनी अपील केले. तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळण्यात आले. निकालाला विरोध नोंदविल्यापासून जवळजवळ दहा वर्षे लागली. पेटंटची एकूण मुदत वीस वर्षे असते हे ध्यानात घेतल्यास हा कालावधी किती मोठा आहे, हे आपल्या लक्षात येईल.

बासमतीचे प्रकरण यांहून गुंतागुंतीचे आहे. टेक्सासमधील राइसटेक या कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमती तांदळाचे वाण व दाणे यांसंबंधी वीस दाव्यांचे अमेरिकन पेटंट मिळाले. कंपनीने संकरातून काही वाण खरोखरच विकसित केले होते. परंतु तिचे दावे त्या वाणांपुरते मर्यादित नव्हते. अन्यत्र पिकलेल्या विशिष्ट गुणधर्मांच्या दाण्यांनाही ते स्पर्श करीत होते. भारताच्या निर्यातीला त्यांपासून धोका होता. भारताने २००० मध्ये निवडक दाव्यांना आव्हान दिले. कंपनीने काही दावे स्वतःहून मागे घेतले, इतर बहुतेक दावे टिकले नाहीत आणि पेटंटच्या शीर्षकातून ‘बासमती’ हा शब्द वगळला गेला. कंपनीच्या स्वतःच्या विशिष्ट वाणांविषयीचे मोजके दावे मात्र कायम राहिले. त्यामुळे ‘बासमतीचे पेटंट रद्द झाले’ असे सरसकट म्हणणे अचूक नाही. उत्तर लिहिताना हा फरक आपण आवर्जून दाखवावा.

४.२.५ पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय

प्रत्येक पेटंटमागे धावणे शक्य नाही, हे या प्रकरणांनी शिकविले. मग चूक होण्यापूर्वीच ती टाळावी, या विचारातून २००१ मध्ये ‘पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय’ हा प्रकल्प सुरू झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी परंपरांतील ग्रंथांमधून चार लाखांहून अधिक योग व माहिती त्यात नोंदविण्यात आली आहे. ही माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उपलब्ध आहे. म्हणजे पेटंट परीक्षक ज्या भाषा वाचतात, त्याच भाषांत. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी करार झाला व पुढे इतर अनेक देशांच्या कार्यालयांशीही झाले. परीक्षकांनी ही माहिती पेटंट तपासणीसाठीच वापरावी व गुप्त ठेवावी, अशी त्यांत अट आहे.

या उपायाला मर्यादा आहेत. हे ग्रंथालय मुख्यतः ग्रंथबद्ध ज्ञानावर आधारलेले आहे. एखाद्या पाड्यावरील वैदूला ठाऊक असलेली, कोठेही न लिहिलेली गोष्ट त्यात येत नाही. ती लिहावी, तर दुसरा धोका उद्भवतो : जे ज्ञान समाजाने आपल्यापुरते राखले होते, ते एकदा प्रसिद्ध झाले की त्यावर कोणाला पेटंट मिळत नाही हे खरे, परंतु ते सर्वांना मोफत वापरण्यासही मिळते. लिहिले तर उघड होते, न लिहिले तर पुरावा राहत नाही. पारंपरिक ज्ञानाच्या संरक्षणातील ही सर्वांत अवघड पेचाची जागा आहे.

४.२.६ काणी समाज आणि ‘जीवनी’ : लाभवाटपाचा प्रयोग

आतापर्यंतच्या प्रकरणांत इतरांचे चुकीचे पेटंट रोखण्याचा प्रयत्न होता. यास ‘बचावात्मक संरक्षण’ म्हणतात. त्यातून ज्ञान सार्वजनिक राहते. परंतु ज्ञान जपणाऱ्यांच्या हाती एक रुपयाही येत नाही. त्यांना वाटा मिळावा यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ‘लाभवाटप’. केरळमधील काणी समाजाचे उदाहरण याबाबत जगभर अभ्यासले जाते.

डिसेंबर १९८७ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या अगस्त्य डोंगररांगांत शास्त्रज्ञांचे एक पथक काणी वाटाड्यांसह फिरत होते. शास्त्रज्ञ थकून जात. वाटाडे मात्र एका वनस्पतीची फळे खात आणि ताजेतवाने राहत. ही वनस्पती म्हणजे ‘आरोग्यपच्चा’. तिची माहिती बाहेरच्यांना सांगण्यास ते प्रथम राजी नव्हते. पुढे विश्वास बसल्यावर त्यांनी ती सांगितली. केरळमधील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यावर संशोधन करून इतर वनस्पतींच्या जोडीने ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक औषध तयार केले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर एका औषधनिर्मिती संस्थेस सात वर्षांसाठी उत्पादनाचा परवाना देण्यात आला. परवाना शुल्क दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन असे ठरले. या दोहोंतील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. त्यासाठी नोव्हेंबर १९९७ मध्ये समाजाचा विश्वस्त निधी नोंदविण्यात आला आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून अधिक रक्कम त्याच्याकडे सुपूर्द झाली. त्या वेळी भारतात जैवविविधता कायदा झालेला नव्हता. कायद्याची सक्ती नसताना हे घडले, म्हणून याचे महत्त्व विशेष आहे.

परंतु आदर्श उदाहरणाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे हे अभ्यासकाचे काम होय. काणी समाजातील काही पारंपरिक वैद्यांनी, ज्यांना ‘प्लाथी’ म्हणतात, ज्ञानाच्या या विक्रीला विरोध दर्शविला होता. ज्या वाटाड्यांनी माहिती दिली, ते साऱ्या समाजाच्या वतीने संमती देऊ शकत होते काय, हा त्यांचा आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. वनस्पती जंगलातील असल्याने ती अतिरेकाने काढली जाईल, या भीतीपोटी वनखात्याने तिच्या संकलनावर निर्बंध घातले. परिणामी कच्च्या मालाचा पुरवठा अडखळला. परदेशात हे नाव व ही वनस्पती वापरून इतरांनी उत्पादने विकली. त्यांतून समाजाला काहीही मिळाले नाही. सद्हेतू असला, तरी समाजातील निर्णयप्रक्रिया, वनांवरील हक्क आणि बाजारपेठेतील संरक्षण या तिन्ही बाजू सांभाळल्या नाहीत, तर वाटप अपुरे राहते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

अ) चूक की बरोबर ते सांगा.
१. हळदीच्या अमेरिकन पेटंटमुळे भारतातील घरगुती वापर बेकायदेशीर ठरला होता.
२. बासमती पेटंटमधील सर्वच्या सर्व दावे रद्द झाले.
३. काणी समाजाला परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतील निम्मा वाटा देण्याचे ठरले.

४.२.७ भारतीय कायद्यांतील तरतुदी

(१) पेटंट कायदा, १९७० : या कायद्यात १९९९, २००२ आणि २००५ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. कलम ३(प) नुसार जे वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे, अथवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणधर्मांची केवळ बेरीज वा पुनरावृत्ती आहे, त्यास पेटंट मिळत नाही. संशोधनात जैविक सामग्री वापरली असल्यास तिचा उगम व भौगोलिक स्थान अर्जात नमूद करावे लागते. तसेच भारतातील वा अन्यत्रच्या स्थानिक समाजात मौखिक स्वरूपात उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या आधारेही पेटंटला विरोध करता येतो. छापील शब्दाची सक्ती नाकारणारी ही तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

(२) वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ : ट्रिप्सने दिलेल्या मुभेचा उपयोग करून भारताने हा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे जपून ठेवण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे; संरक्षित वाणाचे नाव लावलेले बियाणे मात्र विकता येत नाही.

(३) जैवविविधता कायदा, २००२ : या कायद्याने त्रिस्तरीय रचना निर्माण केली. राष्ट्रीय पातळीवर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्य पातळीवर राज्य जैवविविधता मंडळ (महाराष्ट्राचे मंडळ नागपूर येथे आहे) आणि स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती. परकीय व्यक्ती व संस्थांना भारतीय जैविक संसाधने मिळविण्यासाठी, तसेच त्यांवर आधारित बौद्धिक संपदा हक्क मिळविण्यासाठी प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यात बरेच बदल झाले. तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी आर्थिक दंड आला आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. देशी औषधनिर्मितीला यामुळे चालना मिळेल, असे समर्थक म्हणतात. ग्रंथांतील ज्ञानही मुळात जंगलातील व शेतातील माणसांच्या अनुभवातून आले आणि वनस्पती तर आजही तीच माणसे गोळा करतात. मग त्यांचा वाटा का जावा, असा टीकाकारांचा प्रश्न आहे. या दोन्ही बाजू आपण तोलून पाहाव्यात.

स्थानिक समितीने आपल्या क्षेत्राची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करावी, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. या संकल्पनेच्या जडणघडणीत परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण, त्यांचे उपयोग व जाणकार व्यक्ती यांची नोंद तीत केली जाते. देशभरात अडीच लाखांहून अधिक समित्या स्थापन झाल्या आहेत. परंतु मुदत गाठण्याच्या घाईत अनेक नोंदवह्या ठोकळेबाज पद्धतीने भरल्या गेल्या, अशी टीकाही झाली आहे. ग्रामसभेत बसून जाणत्यांना विचारून लिहिलेली वही आणि कार्यालयात बसून भरलेली वही, या दोहोंत केवळ दर्जाचा फरक नाही. पहिली उद्या पुरावा ठरू शकते. दुसरी कपाटात पडून राहते.

४.२.८ २०२४ चा करार

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत कोलंबियाने १९९९ मध्ये या विषयाला तोंड फोडले. पाव शतकाच्या वाटाघाटींनंतर २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे बौद्धिक संपदा, जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार स्वीकारण्यात आला. पंधरा देशांच्या अनुसमर्थनानंतर तो अमलात यावा, अशी त्यात तरतूद आहे. संशोधन जनुकीय संसाधनांवर आधारलेले असेल, तर त्यांचा मूळ देश किंवा स्रोत, आणि पारंपरिक ज्ञानावर आधारलेले असेल, तर ते पुरविणारा समाज अथवा स्रोत पेटंट अर्जात उघड करावा लागेल, असे हा करार सांगतो. मात्र केवळ माहिती उघड केली नाही, एवढ्याच कारणावरून पेटंट रद्द करता येणार नाही. फसवणुकीचा हेतू असल्यास देश आपल्या कायद्यानुसार कारवाई करू शकतील. लाभवाटपाची सक्ती या करारात नाही. विकसनशील देशांनी मागितले होते त्याहून हे कमीच आहे. तरीही आंतरराष्ट्रीय पेटंट व्यवस्थेच्या करारात स्थानिक समाजांच्या ज्ञानाला प्रथमच स्पष्ट स्थान मिळाले आहे.

४.३ सारांश

पेटंट हा ठरावीक मुदतीचा व प्रादेशिक अधिकार असून नवीनता, कल्पकता आणि औद्योगिक उपयोज्यता या त्याच्या कसोट्या आहेत. ट्रिप्स करार पेटंटधारकाच्या हक्काला केंद्रस्थानी ठेवतो, तर जैवविविधता करार देशाचे सार्वभौमत्व, संमती आणि लाभवाटप यांवर भर देतो. हळद व कडुनिंब या प्रकरणांत पूर्वज्ञानाच्या पुराव्यांच्या आधारे पेटंट रद्द झाली. बासमतीच्या प्रकरणात दावे मर्यादित झाले. डिजिटल ग्रंथालय हा बचावात्मक उपाय आहे. मौखिक ज्ञानापुढे तो अपुरा पडतो. काणी समाजाचे उदाहरण लाभवाटपाच्या शक्यता व अडचणी दोन्ही दाखविते. भारतीय कायद्यांनी मौखिक ज्ञानाला मान्यता दिली आहे. तिचा उपयोग होणे हे बऱ्याच अंशी गावपातळीवरील नोंदींवर अवलंबून आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

एकस्व : संशोधनावरील ठरावीक मुदतीचा अनन्य अधिकार, पेटंट.
जैवचौर्य : स्थानिक समाजाची संमती न घेता व त्यास वाटा न देता त्याची जैविक संसाधने वा ज्ञान यांवर हक्क मिळविणे.
अनुसमर्थन : स्वाक्षरी केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराला देशाने दिलेली अंतिम मान्यता.
स्वामित्वधन : हक्क वापरण्याच्या मोबदल्यात विक्रीच्या प्रमाणात द्यावयाची रक्कम.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. नवीनता, कल्पकता व औद्योगिक उपयोज्यता. २. पेटंट अर्जापूर्वीच ज्ञात असलेली सर्व माहिती म्हणजे पूर्वज्ञान. ३. मानवजातीचा सामायिक वारसा या दृष्टीने.

प्रश्न – २ : १. चूक (पेटंट प्रादेशिक असते). २. चूक (कंपनीच्या विशिष्ट वाणांविषयीचे मोजके दावे टिकले). ३. बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

अ) सुमारे ३०० शब्दांत उत्तरे लिहा.
१. ट्रिप्स करार व जैवविविधता करार यांची तुलना करा.
२. ‘लिहिले तर उघड होते, न लिहिले तर पुरावा राहत नाही.’ या विधानाची पारंपरिक ज्ञानाच्या संदर्भात चर्चा करा.
३. काणी समाजाच्या लाभवाटपाच्या प्रयोगाचे मूल्यमापन करा.

आ) क्षेत्रीय कार्य
आपल्या ग्रामपंचायतीत अथवा नगरपरिषदेत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही पाहण्यास मागा. तीत नोंदविलेल्या कोणत्याही पाच वनस्पतींविषयी परिसरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोला. वहीतील नोंद आणि त्या व्यक्तीचे सांगणे यांत कोणता फरक आढळतो, ते लिहा. त्या व्यक्तीचे ज्ञान लिहून घेण्यापूर्वी तिची संमती अवश्य घ्या आणि एखादी गोष्ट तिला सांगावयाची नसेल, तर ती लिहू नका. या घटकात अभ्यासलेल्या संमतीच्या तत्त्वाचे पालन आपण स्वतःपासूनच सुरू करावयाचे आहे.